अण्णांची विडीकाडी

माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे अण्णांनी, विडी कधीच सोडली होती. विडीकाडीचे पैसे मात्र शेवटपर्यंत सोडले नाहीत. गिरणीत असताना पगार आणि पुढे पेन्शन, सगळं ते सासूबाईंच्या हाती देत. सासूबाई ते देवापुढे ठेवत आणि मग त्यातल्या चार नोटा अण्णांच्या हातावर टेकवत. "ही घ्या तुमची विडीकाडी." अण्णा लगेच चपला घालून घोडपदेवच्या नाक्यावर निघत. तिथं जुन्या दोस्तांना चहा पाजायचा, गावच्या गप्पा हाणायच्या आणि परतताना घरी गरम भजी आणायची. "बाबा, तुमची विडी तळलेली कशी?" असं सुनील, माझा नवरा, त्यांना चिडवायचा.

सासूबाई गेल्या. पुढच्या पेन्शनला अण्णांनी पैसे माझ्यापुढे धरले. मी नोकरी करणारी, दादरच्या माहेरची. मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाचे पैसे आपण कशाला घ्यायचे? म्हटलं, "अण्णा, तुमच्याकडेच राहू देत. हवे तसे खर्च करा." त्यांनी पैसे परत खिशात घातले. पण त्यानंतर त्यांचं नाक्यावर जाणं बंद झालं. दिवसभर खिडकीशी बसून राहत, जेवणही निम्म्यावर आलं.

शेवटी मीच विचारलं, "अण्णा, खाली का जात नाही?"

"विडीकाडी खंय दिलंस?"

"अहो, पैसे तुमच्याकडेच आहेत ना!"

"आसत गो. पण कोणीतरी हातार ठेवूक होये ना?"

मी त्यांच्याकडून पैसे मागून घेतले, देवापुढे ठेवले आणि काही नोटा त्यांच्या हातावर ठेवल्या. त्यातली एक त्यांनी मला परत दिली. "ही तुझी चोळीबांगडी. सुनीलाक सांगू नको." आणि चपला शोधायला लागले. त्या संध्याकाळी भजी आली. पुढे दर महिन्याला माझी चोळीबांगडीही चुकली नाही.

अण्णा या पावसाळ्यात गेले. पहिल्या तारखेला माझा पगार जमा झाल्याचा मेसेज आला. घरात आता माझाच पगार मोठा. तरी सुनीलला म्हटलं, "मला चोळीबांगडीला काहीतरी दे."

"तुझ्या खात्यात आहेत की."

"माहीत आहे," मी म्हटलं. "तू हातावर ठेव."