मोठ्या हंड्याचं वजन

विमानातून सिंगापूर पहिल्यांदा दिसलं ते समुद्रात ओळीने उभ्या असलेल्या जहाजांच्या रूपात. जहाजंसुद्धा रांगेत! दादाने मला इथे का बोलावलंय, ते लगेच कळलं.

गावच्या देवस्थानाच्या कोठीत लग्नकार्याची मोठी भांडी आहेत. सगळ्या गावाच्या वर्गणीतून घेतलेली, आमच्या खालच्या आळीच्याही. मिळतात मात्र वरच्या आळीलाच. धाकट्या बहिणीचं, सुमीचं लग्न महिन्यावर आलं, देवस्थानाच्या अध्यक्षांनी भांडी नाकारली, म्हणून मी पत्रक काढलं. दादाने तातडीने तिकीट पाठवलं. हवापालट म्हणे!

"इथे पत्रकबित्रक नाही हं, नंदे," दादा विमानतळावरच म्हणाला. "माझा नोकरीचा पास जाईल."

तांजोंग पगारला, त्याच्या ऑफिसजवळच्या हॉकर सेंटरमध्ये (एका छपराखालची खाऊगल्ली) लक्सा (नारळाच्या दुधातल्या तिखट शेवया) खाल्ला. पहिल्याच घासाला ठसका लागला आणि पांढऱ्या कुडत्यावर नकाशा उमटला. टायवाले साहेब आणि चिखलाच्या बुटांतले मजूर आपापला ट्रे एकाच रॅकवर नेऊन ठेवत होते.

"नाही ठेवला तर दंड," दादा म्हणाला.

काय मागासलेला देश! इथे भांडी परत न करणाऱ्याला शिक्षा, आमच्याकडे मागणाऱ्याला.

"मंडपवाल्याकडून आणू भांडी. मी बघतो सगळं. विषय संपला."

"विषय भांड्यांचा आहे का, दादा?"

तो घाईघाईने ट्रे ठेवायला गेला.

दुसऱ्या दिवशी त्याने मला संग्रहालयात नेलं. तिथे तरी मी शांत बसेन, अशी बिचाऱ्याची आशा. काचेआड हिरवं पडलेलं डिंग (तीन पायांचं काशाचं पातेलं) होतं. माहिती सांगणाऱ्या वयस्कर चिनी बाई म्हणाल्या, "यात पूर्वजांच्या नैवेद्याचं मांस शिजायचं. राजाला अशी नऊ भांडी, सरदाराला सात, त्याखालच्याला पाच."

"आणि बाकीच्यांना?"

"वास."

काशाचं भांडं दिसलं की आमच्याकडे एकच प्रश्न सुचतो. "याचं वजन किती?"

बाई हसल्या. "जपून! एका सरदाराने राजाच्या भांड्यांबद्दल हेच विचारलं होतं. सगळे काय ते समजले. भांडी न्यायची, म्हणजे राज्यच घ्यायचं."

"मग उत्तर काय मिळालं?"

"राज्य सद्गुणांवर टिकतं, भांड्यांवर नाही. वजन विचारायचं नसतं."

आमचे अध्यक्ष वेगळं काय बोलले होते? ‘भांडी सगळ्यांचीच आहेत गं, पण आधी लायकी हवी.’ मी दादाकडे पाहिलं. तो काचेजवळची पाटी वाचत होता. चार ओळींची पाटी, पण त्याची संपेना. कान लाल झाले होते.

निघायच्या सकाळी त्याने हुकाच्या काट्याला माझी बॅग अडकवून तोलली. मग काटा कपाटात न ठेवता माझ्या पर्समध्ये सरकवला.

"पन्नास किलोपर्यंत दाखवतो," तो हळूच म्हणाला. "मोठा हंडा बसेल ना?"

"आणि तुझा पास?"

"रजा टाकलीय. लग्नाआधी आठ दिवस येतोय."

लोक परदेशातून चॉकलेटं आणतात. मी काटा आणला.

गावात पोचले तेव्हा अध्यक्ष देवळाच्या ओट्यावर सुपारी कातरत बसले होते. "काय गं, आलीस फिरून? झालं का डोकं थंड?"

"झालं की, काका. एवढंच विचारायचं होतं, मोठ्या हंड्याचं वजन किती?"

चीनचा इतिहास अध्यक्षांनी कुठला वाचलाय! तरी अडकित्ता थांबला, आणि त्यांचा हात आपसूक कमरेला खोचलेल्या कोठीच्या किल्लीवर गेला.