मालकांच्या नव्या वहाणा

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. तेवढ्यावर लिहायला बसणं म्हणजे आगाऊपणाच, त्याबद्दल आधीच माफी मागतो. शिवाय विषय वहाणांचा आहे.

माझे वडील, आबा, हातकणंगल्याजवळच्या आमच्या गावात एका बागायतदाराकडे सालगडी होते. पाडव्याला साल ठरलं की पुढच्या पाडव्यापर्यंत माणूस मालकाचा, दिवसरात्र. आमच्याकडे श्रीमंती एकरांत मोजत नसत. दारात गडी किती, ते विचारत. या मालकांच्या दारात एके काळी गड्यांची पंगत बसायची. मग एकेक जण कागलच्या एमआयडीसीत गेला आणि मालकांची सगळी श्रीमंती एकट्या आबांवर येऊन पडली.

दर पाडव्याला मालक नव्या कोल्हापुरी वहाणा घालून देवळात जात. नवी वहाण चावते, हे सगळ्या जिल्ह्याला ठाऊक. मालकांना नव्हतं. कारण आधी महिनाभर त्या आबा घालायचे. दोघांच्या पायाचं माप एकच. देवानं तेवढीच एक गोष्ट दोघांना सारखी दिली होती. आबा तेल लावून, टाचा सोलून घेऊन त्या मऊ करायचे. मग मालक कर्रकर्र वाजवत निघाले की लोक म्हणायचे, "चाल बघा की, राजाची!"

यंदा आबांनी साल सोडावं, घरच्या दोन म्हशींवर भागवावं, म्हणून मी कॉलेजसाठी घेतलेल्या राजारामपुरीतल्या खोलीवरून सारखा फोन करायचो.

"आबा, यंदा न्हाय म्हणा."

"मी एकटाच उरलोय रं त्यांच्या दारात. मी उठलो तर मालकांची काय अब्रू ऱ्हाईल?"

"आणि तुमची?"

"मला कुठली रं? पायात वहाणा हैत, त्या बी त्यांच्याच."



पाडव्याला परीक्षेमुळे गावी जाता आलं नाही. दिवसभर घरचा फोन कुणी उचलला नाही. संध्याकाळी आईचाच आला.

"आरं, मालक देवळातनं अनवाणी आलं! वहाणा हातात! समदं गाव बघत हुतं."

"म्हणजे आबांनी..."

"महिनाभर खुंटीला टांगल्या हुत्या. काल नेऊन दिल्या, तशाच कोऱ्या. तुला सांगू नको म्हनलं हुतं."

"आणि साल?"

"न्हाय धरलं."

"आता कुठं हैत?"

"धार काढत्यात. आपल्या म्हशीची."