फळ्यावरचा सामना

मास्तरकीची पहिली नोकरी मला उल्हासनगरच्या छावणीत मिळाली. मी बदलापूरचा. घरची थोडी भातशेती, आणि आमच्या भावकीत मॅट्रिक झालेला मी पहिलाच. लढाईच्या वेळी सैन्यासाठी बांधलेल्या बराकींत तेव्हा फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबं राहत होती. एकेका बराकीत गोणपाटाचे आडपडदे लावून कितीतरी संसार मांडलेले. त्यातलीच एक बराक म्हणजे आमची शाळा. तिथल्या मोठ्या मुलांना मराठी शिकवणं हे माझं काम.

मुलं वर्गात यायची, पण पुस्तक उघडायची नाहीत. त्यांची लिपी उजवीकडून डावीकडे जाणारी. पहिल्याच दिवशी एकाने वाचनाचं पुस्तक मागच्या बाजूने उघडलं. मी ते फिरवून त्याच्या हातात दिलं, तर त्याने ते मिटून मांडीखाली सरकवलं. रागावण्यात अर्थ नव्हता. घर, गल्ली, सोबती सगळं मागे टाकून आलेली ही पोरं. आता भाषाही टाका असं सांगायला हा माणूस आलाय, असं त्यांना वाटायचं. त्यात त्यांचं फार चुकत होतं असं मला आजही म्हणवत नाही.

संध्याकाळी मात्र हीच मुलं बराकींमधल्या मोकळ्या मैदानावर जीव तोडून फुटबॉल खेळायची. एका रविवारी मी कडेला बसून त्यांचा सगळा सामना पाहिला. सोमवारी सकाळी खोक्याची एक रुंद फळी काजळीने काळी केली, शाळेच्या दाराशी टेकवली आणि खडूने मोठ्या अक्षरांत त्या सामन्याची हकीकत लिहिली. गोलकीपरबद्दल लिहिलं की तो उभ्या उभ्या झोपला होता.

हा गोलकीपर वर्गातला सगळ्यांत दांडगा मुलगा. वडिलांचं शिकारपुरात कापडाचं दुकान होतं, इथे ते रस्त्याकडेला पाट टाकून चिंध्या विकत. आपलं नाव फळ्यावर आहे एवढं त्याला कुणीतरी सांगितलं. काय लिहिलंय ते नीट कुणालाच लागेना. दुपारी तो माझ्यापुढे येऊन उभा राहिला.

"साईं, इसको मिटाओ."

मी म्हटलं, "वाचून दाखव, लगेच पुसतो."

तो फणकारून गेला. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर फळ्यापुढे बसला आणि एकेक अक्षर मला विचारत राहिला. शेवटी अक्षरांखाली बोट फिरवत त्याने ती ओळ वाचली, आणि झोपेचा अर्थ कळल्यावर स्वतःच हसला. मी ओळ पुसली.

मग तो रिवाजच पडला. दर सोमवारी फळ्यापुढे गर्दी. गोल आपला होता, मास्तरांनी दुसऱ्याच्या नावावर घातला, म्हणून भांडणं. मी सांगितलं, तक्रार असेल त्याने खाली मराठीत लिहावी. त्यांनी लिहिली, वेलांट्या-उकारांची वाट लावत लिहिली. दिवाळी आली तोवर पुस्तकातले धडे ती न अडखळता वाचू लागली होती. मी हुरळून गेलो होतो. घरी जेवताना आईला त्यांच्याच गोष्टी सांगायचो.

त्या भरातच मी अंबरनाथच्या एका शाळेशी सामना ठरवला. कारखान्यातल्या लोकांची मुलं त्या शाळेत होती आणि तिथले हेडमास्तर माझ्या ओळखीचे होते. त्यांचं मैदान आखलेलं, गोलाच्या खांबांना जाळी. आमची मुलं रुळांच्या कडेने चालत गेली, बरीचशी अनवाणी खेळली आणि जिंकली. जाळीत चेंडू अडकलेला पाहून गोलकीपर इकडच्या टोकाला एकटाच नाचत होता. आनंदाच्या भरात चेंडू तिथेच राहिला. तो आणायला सोमवारी मी गोलकीपर आणि आणखी दोघांना घेऊन गेलो.

त्या शाळेच्या दाराशीही एक फळा होता. चांगला, भिंतीत बसवलेला. त्यावर सुंदर अक्षरात सामन्याची हकीकत लिहिली होती. मी ती एका नजरेत वाचली आणि मुलांना म्हटलं, चला, उशीर होतोय. पण गोलकीपरने पहिल्या शब्दाखाली बोट ठेवलं होतं, मीच लावलेल्या सवयीने. तो मोठ्याने वाचू लागला.

"निर्वासितांच्या पोरांनी धसमुसळेपणा करून सामना जिंकला. सरकारने यांना जागा दिली, धान्य दिलं. आता मैदानही यांनाच हवं आहे. यांच्या मास्तरांनी यांना आधी माणसांत वागायला शिकवावं."

निर्वासित हा शब्द आला तेव्हा तो जोडाक्षराला अडखळावा असं मला वाटलं. तो अडखळला नाही. सगळं वाचून झाल्यावर माझ्याकडे वळला.

"साईं, बरोबर वाचलं ना?"

"बरोबर वाचलंस," मी म्हणालो.

मी तसाच आत गेलो. हेडमास्तरांनी खुर्ची दिली, चहा मागवला. ते म्हणाले की मजकूर मुलांनी लिहिलाय, एका शिक्षकांनी तपासलाय. शब्द थोडे कडक आहेत, पण त्यात खोटं काय आहे? मी म्हटलं, तुमच्या मुलांना माफी मागायला सांगा. त्यांनी माझ्याकडे लहान मुलाकडे पाहावं तसं पाहिलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "अहो, तुम्ही आपलेच ना?"

चहा न घेता मी बाहेर आलो. मुलं थांबली नव्हती. चेंडू घेऊन मी एकटाच परत आलो.

पुढच्या सोमवारी मी नेहमीसारखी हकीकत लिहिली. फळ्यापुढे कुणीही उभं राहिलं नाही. गोलकीपर वर्गात येत होता, पण पुस्तक मिटलेलं. काही दिवसांनी त्याचे वडील आले. कागदात बांधलेले पापड त्यांनी माझ्या हातात ठेवले आणि हात जोडून सांगितलं की मुलगा उद्यापासून त्यांच्याबरोबर दुकानावर बसेल. मी म्हटलं, हुशार आहे, त्याला शिकू द्या.

"जितनी दुकान में लगे उतनी मराठी आ गई है, साईं," ते म्हणाले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मला निदान भांडता आलं असतं.

त्याच्यामागोमाग बाकीची मोठी मुलंही एकेक करून वडिलांच्या धंद्यात गेली. पुढे माझी बदली बदलापूरला झाली. फुटबॉलवर वाचायला शिकवणारा मास्तर म्हणून माझं थोडं नाव झालं होतं, त्यामुळे शिक्षकांच्या एका मेळाव्यात मला बोलायला उभं केलं. अंबरनाथचे हेडमास्तर पुढच्याच रांगेत होते. मी दिवाळीपर्यंतचं सांगितलं आणि थांबलो. टाळ्या पडल्या, त्यांनीही वाजवल्या. मागून एका बाईंनी मनापासून विचारलं की त्या मुलांचं पुढे काय झालं.

"दुकानात बसली," मी म्हणालो.

सभा खळखळून हसली. सिंध्यांवर मी विनोद केला असं त्यांना वाटलं. तसं नव्हतं हे सांगायला मी पुन्हा तोंड उघडलं, पण अध्यक्षांनी पुढच्या वक्त्याला बोलावलं होतं.