वाटंत अडकलंय

मामा गिऱ्हाइकाला कधी मागून हाक मारत नसत. ते लगबगीने त्याच्या पुढे जाऊन उभे राहत, हात जोडत आणि म्हणत, "दादा, पैसं वाटंत अडकलंय."

तुम्ही शनिशिंगणापूरला आला असाल, तर यामागचं कारण तुम्हाला ठाऊक असेल. दर्शन घेऊन निघालेला माणूस मागे वळून पाहत नाही. पाहिलं तर सोडून आलेली पीडा पुन्हा पाठीला लागते, अशी समजूत आहे. आता असा माणूस देवळातून आमच्या भोजनालयात येतो, जेवतो, मोबाईलवरून पैसे पाठवतो आणि पार्किंगची वाट धरतो. इकडे काउंटरवरचं यंत्र पैसे आल्याचं बोलतच नाही. मग आपण कितीही ओरडलो तरी तो मान वळवत नाही, उलट पाय उचलतो. मी हाका मारत होतो तेव्हा एका बाईंनी चक्क कानांवर हात ठेवले होते.

मामा माझ्याकडे काउंटरवर कामाला लागले आणि पहिल्याच शनिवारी त्यांनी हे ओळखलं. साठी ओलांडलेला माणूस, पण एका हातात धोतराचा सोगा धरून ते रस्त्याच्या कडेने वळसा घालत आणि गिऱ्हाइकाच्या समोर प्रकट होत. गिऱ्हाईक थांबलं नाही तर मामा उलटे चालू लागत. पार्किंगमधल्या पोरांना ती करमणूक होती.

"अडकलंय" हा शब्द त्यांचाच. पैसे आले नाहीत म्हटलं की समोरच्याला वाटतं, आपल्याला चोर ठरवतायत. अडकलंय म्हटलं की दोष कुणाचाच उरत नाही. यात्रेच्या बसवाल्यांचा चेक न वटता परत आला तरी मामा फोनवर हेच सांगत. तुम्ही पैसे सोडले, आम्ही वाट बघतोय, मधे कुठंतरी अडकलेत. बसवाला ओशाळून स्वतःच नवी तारीख द्यायचा.

एकदा एक तरुण त्यांना म्हणाला, "इथं घरांना दारं नाहीत म्हणे. मग आमच्यावर पण ठेवा की विश्वास."

"इस्वास हाय की, दादा," मामा म्हणाले. "मशीनलाच न्हाई."

तो हसला आणि त्याने पाकिटातून नोटा काढल्या.

मामांचं नाव मी लिहीत नाही. ते घ्यायचा हक्क मी गमावलाय, असं मला वाटतं. ते पाथर्डीकडचे. बायको वारलेली, एकुलती मुलगी पुणतांब्याला दिलेली. एवढ्या तळमळीने पळणारा नोकर कुठून मिळाला, असं गिऱ्हाइकं मला कौतुकाने विचारत. मी नुसता हसत असे.

खरी गोष्ट अशी की, जे पैसे अडकत ते मी मामांच्या पगारातून कापत असे. काउंटर तुमच्या ताब्यात, तेव्हा तूटही तुमची, हा नियम मीच केला होता. मामा "व्हय शेठ" म्हणाले होते. शनी अमावस्येला एवढी गर्दी व्हायची की मोबाईलची रेंज पार झोपायची. त्या एका दिवसात पगार संपून वर मामांकडूनच मला येणं निघायचं. मुलीला बाळ झालं, तिने चार वेळा बोलावलं. मामा फोनवर सांगत, या महिन्यात हिशोब मिटला की येतो. हिशोब काही मिटत नव्हता.

आणि आता जे कुणालाच सांगितलं नाही ते सांगतो. अडकलेले पैसे बहुतेक वेळा दोन-चार दिवसांनी पोचत. माझ्या खात्यात. मोबाईलवर ते मला दिसत. पहिल्यांदा वाटलं, महिनाअखेरीला सांगू. महिनाअखेर आली आणि मी बोललो नाही. लोभ होता, नाही कसं म्हणू. पण त्याहून जास्त भीती होती. मामा पुणतांब्याला गेले तर गिऱ्हाइकापुढे हात जोडून कोण उभं राहणार? मी गेलो की भांडण होत असे. त्यांना अडकवून ठेवण्यासाठी माझ्याकडे तेवढी एकच दोरी होती.

माझं स्वतःचंही काही बरं चाललं नव्हतं. तेलाच्या व्यापाऱ्याला दिलेला माझा चेक परत गेला. तो भला माणूस नगरहून स्वतः आला. मी त्याची गाडी पाहिली आणि भोजनालयामागच्या घरात शिरलो. लपायला माणूस दार लावतो. आमच्या घराला दार नाही, पडदा आहे, तोही वीतभर आखूड. मी त्याच्याआड श्वास रोखून उभा, आणि बाहेरून माझ्या पायांची बोटं दिसतायत, हे मला त्यांचं बोलणं सुरू झाल्यावर कळलं. पाय मागे घेतले असते तर पडदा हलला असता.

व्यापाऱ्याने विचारलं, शेठ कुठंयत? मामा खोटं बोलत नसत.

"शेठ अडकलेत," ते म्हणाले.

"दिसतंय," व्यापारी म्हणाला.

मामांनी त्याला चहा पाजला. तो आठ दिवसांची सवलत देऊन गेला. मला रात्रभर वाटत राहिलं की आता तरी सांगावं. सकाळी शनिवार होता. गर्दी होती. मी सांगितलं नाही.

मग उन्हाळ्यात नाशिकच्या एक बाई आल्या. गेल्या खेपेला मामा त्यांच्यापुढे उलटे चालले होते, पण त्यांच्याकडे रोख पैसे नव्हते, आणि ते जेवण मामांच्या नावावर पडलं होतं. बाईंच्या मनाला ते लागून राहिलं होतं. त्यांनी बँकेत चौकशी केली होती. "काका, पैसे त्याच आठवड्यात तुमच्याकडे पोचलेत," असं म्हणून त्यांनी मोबाईल समोर धरला.

"पोचलं व्हय, ताई? बरं झालं. तुमच्या जिवाला घोर नको," मामा म्हणाले आणि त्यांच्या हातावर बडीशेप ठेवली.

दिवसभर त्यांनी काउंटर सांभाळला. रात्री शेवटचं ताट उचललं गेल्यावर ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले. या वेळी हात जोडलेले नव्हते.

"शेठ, समदंच पोचलं हुतं का?"

मी गल्ल्यातली चिल्लर नीट लावत राहिलो. सकाळच्या पहिल्या एसटीने ते गेले तेव्हा मी पडद्याच्या आतच होतो.

त्यांचे पैसे मोजून पुणतांब्याला जायला मला हिवाळा उजाडला. मुलीचं घर गोदावरीच्या बाजूला, पत्र्याचं. दुपारची वेळ होती. तिने अंगणातूनच विचारलं, कुठले तुम्ही? मी गाव सांगितलं. तिने पाणी दिलं. मी पाकीट पुढे केलं तर ती गोंधळली.

"कसलं पैसं? समदा हिशोब मिटलाय म्हनले की बाबा."

राहिलं होतं थोडं, असं मी म्हणालो. आत मामा भिंतीकडे तोंड करून निजले होते. तुळईला साडीची झोळी बांधली होती आणि झोळीत बाळ होतं.

"बाबा आत्ता तर जागं हुतं. उठवू का?"

मी नको म्हणालो. उंबऱ्याशी बसून राहिलो, की उठतील, एखादं वाक्य बोलतील, चार शिव्या तरी देतील. ते हलले नाहीत. श्वास संथ चालला होता. पण झोळीची दोरी त्यांच्या हातात होती, आणि मी तिथे बसलो होतो तेवढा सगळा वेळ झोळी एका लयीत हलत होती.