पाचव्या लेथचा हार

यज्ञेश्वर दामल्यांनी बजरंग दुधाणेला वर्षानुवर्षं रोज पाहिलं, पण तो त्यांना कळला होता असं काही म्हणवत नाही. दामले कारखान्यात कामगार अधिकारी, बजरंग पाचव्या लेथवर. कर्वेनगरात त्याच्या शेतावर इमारती उठल्या, घरबसल्या भाडं येऊ लागलं, तरी गडी पहिल्या पाळीला सर्वांआधी हजर.

"घरी करमत नाही का, जमीनदार?" शेजारच्या लेथवरचा सोनबा चिडवायचा.

"करमतंय की. पण घरी लेथ कुठं हाय?"

खंडेनवमीला जो तो आपापलं यंत्र पुजायचा. बजरंग आदल्या दिवशी लेथ रॉकेलने पुसून लख्ख करी. दाराशी उरलेल्या वाफ्यातल्या झेंडूचा हार त्याची बायको मथुराबाई ओवून देई.

त्या वर्षी गैरहजेरी फार वाढली होती. नवे मॅनेजर म्हणाले, "कामगारांना कारखाना आपला वाटला पाहिजे. यंदा पूजा जोरात करू. मंडपवाल्याला सांगा."

"त्यांचं त्यांनाच करू दिलं तर?" दामल्यांनी चाचरत विचारलं.

"अहो, त्यांना कशाला कष्ट? पाहुण्यांसारखे येऊ देत."

खंडेनवमीच्या सकाळी कामगार आले, तर यंत्रं पुसलेली, हार घातलेले, कुंकूसुद्धा लावलेलं. बजरंग हाराची पुडी धरून लेथपुढे उभा राहिला.

"बजरंगराव, घाला की तुमचाही," दामले म्हणाले.

"जागा कुठं हाय, साहेब?"

पुडी पिशवीत गेली. पेढा तेवढा कपाळाला लावून त्याने खाल्ला.

दिवाळीआधीच त्याने राजीनामा दिला. दामले हादरले. गरज नसताना येणारा हा माणूस उठून गेला, तर बाकीच्यांना कशाच्या जोरावर थांबवायचं?

"थांबा हो. पुढच्या वर्षी मी वर बोलतो."

"तुम्ही बोलाल, साहेब. पण त्या दिवसापासनं लेथला हात लावताना आधी कुणाला तरी विचारावं असं वाटतंय."



शेवटच्या दिवशी दोघं कंपनीच्या बसमधून स्वारगेटला उतरले. पाऊस नुकताच थांबला होता. दामले थांब्यावरच्या बाकावर त्याच्याशेजारी बसले. बोलायचं पुष्कळ होतं.

"बस मिळेल ना?"

"मिळंल की. तुम्ही निघा."

"मथुराबाईंना नमस्कार सांगा."

"सांगतो."

दामले उठून सदाशिव पेठेच्या दिशेने चालू लागले. मागून हाक आली.

"साहेब, छत्री राहिली बघा तुमची."

"अरे हो. आणा."