पुराच्या रेषेखालचं शहर

बालवाड्यांच्या भिंती रंगवणारा तो पेंटर हेंद्रेपाड्यात सगळ्यांच्या ओळखीचा, पण नाव मी कधी विचारलं नाही. बोलण्याआधी "आता बघा" म्हणायचा आणि आपण खरंच बघेपर्यंत पुढे बोलायचा नाही.

आमच्या बालवाडीसाठी मी त्याला सांगितलं, "कार्टूनमध्ये असतं तसं चकाचक शहर काढा, आणि वर उडणारा हिरो."

"आता बघा बाई, कार्टूनमध्ये शहरं दोन असतात. एक काचेचं, तिथं हिरो नुसता मिरवतो. दुसरं काळपट, गळकं. काम तर तिकडेच असतं ना."

भिंतीवर पुराच्या पाण्याची तपकिरी रेषा होती. रंगाचे दोन हात मारले तरी ती पुन्हा उमटायची. तिच्या वर त्याने एका दुपारीत काचेचं शहर उरकलं. मग चार दिवस मांडी घालून खाली आमचा पाडा काढत बसला. गच्चीवरच्या काळ्या टाक्या, ओल आलेल्या भिंती, दांडीवरची गोधडी. हिरो काढला तो काचेकडे पाठ करून, खाली बघणारा.

पोरं भिंतीला नाक लावून आपापलं घर शोधू लागली, आणि ते सापडतही होतं. मीही वाकले. आमच्या स्वयंपाकघराच्या फुटक्या काचेवर मी पुठ्ठा लावला होता. चित्रातल्या नखाएवढ्या खिडकीत तो पुठ्ठा होता, चिकटपट्टीसकट. हा माणूस आमच्या घरी कधीच आला नव्हता.

संध्याकाळी काच बसवणारा येणार होता. त्याला फोन करून सांगितलं, एवढ्यात नको. हिरोला घर ओळखू आलं पाहिजे.