आईची पंचाहत्तरी आणि विंडोज-लिनक्सचा सामना

आमच्या घरचा कंप्युटर मी बिघडवला नाही. मी त्याची अब्रू वाचवायला गेलो होतो.

आईला पंचाहत्तर वर्षं पूर्ण होणार होती. रविवारी सगळे नातेवाईक निमगाव केतकीला आमच्या घरी जमणार होते. त्यासाठी माझ्या बायकोनं, सुरेखानं, मावश्या-आत्यांकडून जुने फोटो गोळा करून एक छोटीशी फिल्म बनवली होती. आईचा लग्नातला फोटो, वडिलांचा बैलजोडीबरोबरचा फोटो, मी घमेल्यात नागडा बसलेला फोटो (हा वगळावा, ही माझी विनंती एकमतानं फेटाळली गेली), असं सगळं तिच्यात होतं. फिल्म कंप्युटरवर होती आणि कंप्युटरवर विंडोज होतं.

शनिवारी सकाळी कऱ्हाटीहून माझी बहीण आशा आणि बाळासाहेब दाजी आले. दाजी शेतात ठिबक बसवायची कामं करतात आणि उरलेल्या वेळात लिनक्सचा, म्हणजे विंडोजऐवजी कंप्युटरवर फुकटात टाकता येणाऱ्या प्रणालीचा, प्रचार करतात. मी फिल्म दाखवायला म्हणून कंप्युटर चालू केला. चहा झाला, तरी पडद्यावर गोल गोलच फिरत होतं.

"दिलीपराव, होतंय का न्हाय चालू?" दाजींनी विचारलं.

"होतंय की. अपडेट चाललंय."

"आमच्या लिनक्सला असलं काय न्हाय. बटण दाबलं की हजर. व्हायरसची भीती न्हाय, आन् वर फुकट."

"फुकट हाय, पण तुमचा प्रिंटर त्याच्यावर चालतो का?"

दाजींनी बशीत बघितलं. "चालतो. त्याच्या मनात आलं की चालतो."

"विंडोजवर समदं चालतं, दाजी."

"व्हय. चहा झाल्यावर."

आमच्याकडं जावयाला कुणी उलट बोलत नाही. त्यामुळं मी "तुमचं बी बरोबर हाय" असं म्हणालो, पण ज्या आवाजात म्हणालो त्यावरून आई स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"भांडता कशाला? दोन्ही लावून बघा की. ज्याच्यात पिक्चर नीट दिसंल ते चांगलं."

"एकाच कंप्युटरवर दोन्ही बसत्यात, मामी," दाजी सासूला म्हणाले आणि त्यांनी खिशातून पेनड्राइव्ह काढला. (माणसं खिशात रुमाल ठेवतात.)

एवढ्यात सुरेखा आणि आशा साडी घ्यायला इंदापूरला निघाल्या. जाता जाता सुरेखा म्हणाली, "कंप्युटरला हात लावू नका." हे ती आम्हा दोघांकडं बघून म्हणाली, त्यामुळं दोघांनाही वाटलं की दुसऱ्याला सांगतेय.

दाजींनी पेनड्राइव्ह लावला. लिनक्स खरोखरच झटक्यात आलं, हे मला अजिबात आवडलं नाही. मग पडद्यावर इंग्रजीत एक प्रश्न आला: लिनक्स विंडोजच्या शेजारी बसवू, की डिस्क पूर्ण पुसून बसवू? नेमका तेव्हाच दाजींना एका शेतकऱ्याचा फोन आला. "मी आलोच. काय दाबू नका," असं म्हणत ते अंगणात गेले.

आता मी हायस्कूलला इंग्रजी शिकवतो. मला कुणी प्रश्न समजावून सांगायची गरज नव्हती. मी विचार केला, डिस्क म्हणजे दाजींचा पेनड्राइव्ह. तो पुसला गेला, तर लिनक्स आपोआप स्पर्धेतून बाद! मी 'पूर्ण पुसा' वर दाबलं. खात्री आहे का, असं त्यानं पुन्हा विचारलं. मी खात्री दिली.

दाजी आत आले. "ही रेघ कसली पळतीय?"

मी सांगितलं.

"अवो, ती डिस्क तुमची हाय, दिलीपराव."

"मग विंडोज?"

"गेलं," दाजी म्हणाले. मयताचा निरोप द्यावा तसं म्हणाले.

मी झेप घेऊन भिंतीतली वायर उपसली.

"आता?" मी विचारलं.

"आता लिनक्स बी गेलं."

वायर परत लावली, तर काळ्या पडद्यावर एक पांढरी रेघ तेवढी लुकलुकत होती. मला वडिलांचा बैलजोडीबरोबरचा फोटो आठवला. आईला काय सांगायचं? दाजीही घाबरले होते. आम्ही शेजारी शेजारी बसलो. दाजी हळूच म्हणाले, "विंडोज तसं वाईट न्हवतं."

"लिनक्स बी," मी म्हणालो, "जेवढं दिसलं तेवढं, चपळ वाटलं."

बायका परत आल्या. मी सुरेखाला सगळं सांगितलं. तिनं साडीची पिशवी खाली ठेवली आणि आशाकडं बघितलं.

आशाच म्हणाली, "कुठली फिल्म? ती घरच्या ग्रुपवर कवाच आली की. समद्यांनी बघितली."

घरच्या ग्रुपमध्ये दाजी नाहीत, आणि मी त्याचा आवाज बंद करून ठेवलेला आहे, तो उघडतच नाही. कळसची आत्या त्यावर पहाटेपासून फुलं पाठवते.

"ती मी फोनवरच बनवली होती," सुरेखा म्हणाली. "कंप्युटरवर नुसती तुमच्यासाठी ठेवली होती. फोटो बी समदे फोनमदी हायत."

"मला बी दावली सुनंनं," आई म्हणाली. "मी दोनदा रडले."

"मग दोन्ही लावून बघा, असं कशाला म्हणालीस?"

"तेवढाच तुमचा दोघांचा आवाज बंद हुईल म्हणून."

रविवारी सुरेखानं फोन टीव्हीला जोडला. वडील बैलांसकट पडद्यावर आले तेव्हा आईनं तिसऱ्यांदा डोळे पुसले. पुढच्याच फोटोत मी घमेल्यात होतो. कळसच्या आत्यानं तो थांबवून पुन्हा बघायला मागितला.

आता गावात कुणी नवा कंप्युटर घेतला की माझ्याकडं विचारायला येतो, "सर, विंडोज टाकू का लिनक्स?" मी सविस्तर सल्ला देतो. एका सकाळी, एका कंप्युटरवर, दोन्ही बंद पाडायचा अनुभव असलेला माणूस त्यांना दुसरा कुठं मिळणार?